पद्धत पुराव्यावर आधारलेली आहे, तरी मूल पुढे सरकत नाही: चौथी पद्धत घेण्याआधी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वर्गात ९ वर्षांचा मुलगा आहे, स्वमग्नता (ऑटिझम) आहे, सोबत बौद्धिक अक्षमता, बोलणं अजून नाही. चार महिन्यांत तुम्ही दिवसाचा क्रम चित्रांनी दाखवणारं चित्र-वेळापत्रक लावलं, चित्र देऊन वस्तू मागण्याची पद्धत म्हणजे पेक्स सुरू केली, आणि काम केलं की टोकन, ठरलेली टोकनं जमली की आवडती वस्तू, असा टोकन बोर्डही आणला. तिन्ही गोष्टी प्रशिक्षणात ‘पुराव्यावर आधारित’ म्हणून शिकवल्या होत्या. तरीही हाताला धरल्याशिवाय तो चित्र देत नाही, आणि टेबलावर काम मांडलं की ओरडतो, हाताला येईल ते फेकतो. पद्धत चुकली, की हा मुलगा या पद्धतींमध्ये बसणारा नाही, आणि आता चौथी कोणती घ्यावी, असं तुम्ही विचारता.

चौथी घेऊ नका. उलट, आहेत त्यांतली एक काही दिवस बाजूला ठेवा. मी गेली २२ वर्षं विशेष शिक्षिका म्हणून काम करते आहे, आणि ‘पद्धत लागू पडली नाही’ असं म्हणत माझ्याकडे आलेल्या बहुतेक वर्गांत गेल्यावर दिसलं ते हेच, की पद्धत पुस्तकात होती तशी त्या मुलापर्यंत कधी पोचलीच नव्हती. यात शिक्षकांचा आळस नसतो. दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, स्लाइड बघितल्या जातात, एखादा व्हिडिओ दाखवतात, आणि मग बाई वर्गात एकट्या असतात. शिक्षक-प्रशिक्षणावर ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८०च्या दशकापासून जे काम केलं त्यातून हेच पुढे आलं: नुसतं समजावून आणि दाखवून शिकवलेलं कौशल्य वर्गात फारसं उतरत नाही. ते उतरतं, जेव्हा कुणीतरी प्रत्यक्ष वर्गात सोबत उभं राहून, बघून, दुरुस्त करतं. तुम्हाला तसं कुणी मिळालेलं दिसत नाही, म्हणून हे उत्तर जरा लांब लिहिते आहे.

आधी ‘पुराव्यावर आधारित’ या शब्दांचं वजन किती ते पाहू. स्वमग्न मुलांसाठीची जी २८ पद्धतींची यादी सध्या सगळीकडे वापरतात ती २०२० सालच्या एका मोठ्या अमेरिकी आढाव्यातून आली. १९९० ते २०१७ या काळातलं संशोधन त्यासाठी चाळलं होतं. यादीत जागा मिळायला अट होती: वेगवेगळ्या गटांनी केलेले किमान दोन चांगले तुलनात्मक अभ्यास, किंवा तीन वेगवेगळ्या गटांनी एकेका मुलावर बारकाईने केलेले किमान पाच अभ्यास, ज्यांत मिळून निदान २० मुलं असतील, किंवा या दोन्हींचं ठरावीक मिश्रण. म्हणजे यादी सांगते, की ही पद्धत ठरलेल्या रीतीने केली तेव्हा बऱ्याच मुलांना उपयोग झाला. तुमच्या मुलाला होईल असं वचन त्यात नाही. शिवाय या अभ्यासांतली बरीच मुलं बालवाडी आणि प्राथमिक वयाची आहेत. तुमचा मुलगा त्या वयात बसतो, ही चांगली गोष्ट. १७ वर्षांच्या मुलाबद्दल विचारलं असतंत तर मी इतक्या ठामपणे बोलले नसते. वैद्यकात डेव्हिड सॅकेट आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये पुराव्याची जी व्याख्या मांडली तिच्यातही तीन धागे होते: उत्तम संशोधन, काम करणाऱ्याचा अनुभव आणि ज्याच्यावर उपचार होतात त्याची निवड. आपल्या वर्गात पहिल्या धाग्याचंच नाव घेतलं जातं आणि उरलेले दोन राहून जातात.

आता तुमचा मुलगा. तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं: ‘मी हात धरला की देतो, सोडला की बसून राहतो.’ तुम्ही समोर बसून, एका हातात त्याची आवडती वस्तू धरून, दुसऱ्या हाताने त्याचा हात चित्राकडे नेत असणार. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये पेक्स तयार केलं तेव्हापासून त्याच्या पहिल्या टप्प्याला दोन मोठी माणसं लागतात. एक समोर, जिच्याकडे वस्तू असते. दुसरी मुलाच्या पाठीमागे, जी एक शब्दही बोलत नाही. समोरची वस्तू दाखवते आणि गप्प राहते; ‘काय पाहिजे?’ असं विचारतसुद्धा नाही. मूल वस्तूकडे हात पुढे करतं त्या क्षणी मागची व्यक्ती तोच हात चित्रावर नेते, उचलायला लावते, समोरच्या उघड्या तळहातावर सोडायला लावते. समोरची लगेच वस्तू देते, नाव घेते. एवढंच.

हे दोन माणसांचं प्रकरण अनेकांना चैनीचं वाटतं, म्हणून पहिल्याच आठवड्यात गाळलं जातं. पण सगळं कामच त्यावर उभं आहे. मदत पाठीमागून आली तर मुलाच्या लेखी ती संवादाचा भाग होत नाही. समोरून आली, म्हणजे ज्या माणसाला चित्र द्यायचं त्याच माणसाने हात धरला, तर मूल अगदी योग्य तेच शिकतं: हवी ती वस्तू दिसली की बसून राहायचं, समोरची बाई हात धरेल, मग वस्तू मिळेल. तुमचा मुलगा शिकलेला आहे. चार महिन्यांत शेकडो वेळा जे घडलं ते तो पक्कं शिकला. म्हणून त्याला शिकता येत नाही, असा निष्कर्ष यातून काढता येत नाही.

मी स्वतः यात अडकले होते, म्हणून हे मला दुरूनही दिसतं. सात वर्षांची एक मुलगी होती. चित्र ओळखायची, पण माझ्या इशाऱ्याशिवाय उचलायची नाही. मी रोज नोंदवत होते, ‘पाच सेकंद थांबले, प्रतिसाद नाही, बोट दाखवलं.’ मग एका सहकारी बाईंनी आमचं दहा मिनिटांचं चित्रण केलं, आणि मी घड्याळ लावून ते बघितलं. माझे पाच सेकंद दोन सेकंदांचेसुद्धा नव्हते. त्याहून वाईट म्हणजे मी थांबत होते तेव्हाही माझा उजवा हात टेबलावर होता आणि तर्जनी चित्राच्या दिशेने अर्धी उचललेली. ती मुलगी चित्राकडे बघतच नव्हती. तिची नजर माझ्या बोटावर होती. बोट हललं की ती हलायची. त्या दिवसापासून मी हात मांडीवर ठेवून, मनात आकडे मोजून थांबायला लागले. पहिले काही दिवस दोघींनाही अवघड गेले. ती माझ्या मांडीकडे बघायची. नवव्या दिवशी तिने स्वतःहून चित्र माझ्याकडे सरकवलं, नीट दिलंही नाही, नुसतं दोन बोटांनी टेबलावरून ढकललं. मी तेवढ्यावर लगेच वस्तू दिली.

थांबणं हीच पद्धत असू शकते, याचा पुरावाही जुना आहे. १९७९ मध्ये हॅले, मार्शल आणि स्प्रॅडलिन यांनी संस्थेत राहणाऱ्या मुलांबरोबर एक साधी गोष्ट केली. जेवणाचा ट्रे मुलासमोर धरायचा आणि १५ सेकंद काही बोलायचं नाही, देऊनही टाकायचा नाही. काही मुलांनी तेवढ्या शांततेत मागायला सुरुवात केली, काहींना त्याशिवाय जास्तीची मदत लागली. १५ सेकंद मोजून बघा. मुलासमोर बसलेल्या शिक्षकाला ते फार मोठे वाटतात.

म्हणून पहिलं काम: दिवसातून १५ मिनिटं दुसरं माणूस मिळवा. मदतनीस, शेजारच्या वर्गातल्या बाई, पालक, कुणीही चालेल, फक्त त्या व्यक्तीला गप्प राहता आलं पाहिजे. पाठीमागून दिलेली मदत कमी करताना मी शेवटाकडून सुरुवात करते. आधी चित्र तळहातावर सोडण्याची मदत काढते, मग हात पुढे नेण्याची, सगळ्यात शेवटी उचलण्याची. मनगट, मग कोपर, मग खांद्याला नुसता स्पर्श. दुसरं माणूस खरंच शक्य नसेल तर समोरून हात धरून पेक्सचा पहिला टप्पा चालू ठेवू नका. त्यापेक्षा थांबण्याची पद्धत घ्या: सुरुवातीचे काही प्रयत्न लगेच मदत, मग ठरवून चार-पाच सेकंद थांबून मदत, आणि तीही जमेल तितकी बाजूने. सावकाश होतं, पण चुकीची सवय घट्ट होत नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. हाताला धरून दिलेली मदत कमी होत जाणार असेल तरच ती शिकवणं असते. न बोलणाऱ्या मुलाचा हात किंवा कोपर धरून अक्षरं टाइप करून घेण्याची एक पद्धत अधूनमधून पालकांपर्यंत पोचते. १९९०च्या दशकातल्या नियंत्रित चाचण्यांमध्ये मुलाला एक चित्र आणि हात धरणाऱ्याला दुसरं दाखवलं, तेव्हा टाइप झालं ते हात धरणाऱ्याने पाहिलेलं. तुमच्या मुलाचे पालक या पद्धतीबद्दल विचारतील तेव्हा हे त्यांना शांतपणे, पण स्पष्ट सांगा.

वस्तूबद्दलही विचारते. तुम्ही जी वस्तू धरता ती त्याला आज हवी आहे का? ‘त्याला गाडी आवडते’ हे जूनमध्ये खरं असेल, ऑक्टोबरमध्ये नसेल. रोज सुरुवातीला पाच-सहा वस्तू ओळीत ठेवा, पहिली कुठली उचलतो बघा, थोडा वेळ खेळू द्या, ती बाजूला काढा, उरलेल्यांची जागा बदला, पुन्हा मांडा. दोन-तीन मिनिटांत त्या दिवसाचा क्रम मिळतो. मूल ज्याच्यासाठी हात पुढे करत नाही ते मागायला शिकवता येत नाही.

आता ओरडणं आणि फेकणं. यावर तुम्ही टोकन बोर्ड लावलात, आणि माझ्या मते तो तात्पुरता काढून ठेवावा. टोकन चांगली पद्धत आहे. पण तुमच्या वर्णनावरून वर्तन काम समोर आलं की सुरू होतं, आणि फेकल्यावर काम उचललं जातं. म्हणजे फेकणं त्याच्यासाठी ‘हे नको’ या वाक्याचं काम करतंय, आणि चोख करतंय. टोकन त्याला सांगतं की काम केलंस तर काही मिळेल. त्याला सांगायचंय ते वेगळंच आहे, आणि ते सांगायला त्याच्याजवळ दुसरा मार्ग नाही.

एकाच दिसण्याच्या वर्तनामागे वेगवेगळी कारणं असतात, हे ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये व्यवस्थित तपासून दाखवलं. १९८५ मधला कार आणि ड्युरांड यांचा अभ्यास तर माझ्या मते प्रत्येक विशेष शिक्षकाने समजून घ्यावा असा आहे. त्यात चार मुलं होती. कुणाचं वर्तन अवघड कामामुळे बिघडायचं, कुणाचं लक्ष मिळत नाही म्हणून. मुलांना त्या वर्तनाच्या जागी बोलायला शिकवलं. ज्याची अडचण अवघड काम होती त्याला ‘मला समजत नाही’ म्हणायला शिकवल्यावर वर्तन कमी झालं. ‘मी चांगलं करतोय ना?’ हे लक्ष मागणारं वाक्य त्याच मुलाला शिकवलं तर फरक पडला नाही. शब्द कारणाशी जुळले तरच उपयोग.

तुमचा अंदाज आणि माझा अंदाज हे अजून अंदाजच आहेत. एक आठवडा साधी नोंद ठेवा: फेकण्याच्या लगेच आधी काय झालं, त्याने काय केलं, लगेच नंतर काय झालं. तीन रकाने, प्रत्येकात पाच-सहा शब्द. ‘चिडला होता’ लिहू नका. ‘मणी ओवण्याचा ट्रे ठेवला’ लिहा. आणि त्याआधी दात, कान, पोट, बद्धकोष्ठ, झोप हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. ऐकणं आणि नजर यांची तपासणी कधी झाली तेही विचारा. बोलू न शकणाऱ्या मुलाचं दुखणं वर्तन म्हणून नोंदलं जातं, आणि आपण त्यावर तक्ते लावत बसतो. एका मुलाचं डोकं आपटणं मी तीन आठवडे वर्तन म्हणून हाताळलं होतं. त्याच्या कानात संसर्ग होता. ते तीन आठवडे मी विसरलेले नाही.

नोंदीतून काम टाळणं हेच कारण निघालं, तर ‘थांबू या’चं एक कार्ड द्या. तो फेकण्याच्या आधी, म्हणजे त्याची बोटं ट्रेच्या कडेला घट्ट व्हायला लागली की, मागच्या व्यक्तीने हात कार्डावर न्यायचा. कार्ड मिळताक्षणी काम बाजूला, एक मिनिट मोकळीक. सुरुवातीला दर वेळी, अगदी दर मिनिटाला दिलं तरी द्यायचं. इथे सहकारी हमखास विचारतात, ‘मग तो काम कधी करणार?’ मीही विचारत असे. कार्ड चालतं यावर त्याचा विश्वास बसला की थांबण्याआधी एक मणी, मग दोन, मग पाच असं वाढवता येतं. विश्वास बसायच्या आत वाढवलं, तर तो पुन्हा फेकण्याकडे जातो, कारण ते अजूनही जास्त भरवशाचं आहे. फेकल्यावर काम काढून घ्यायचं थांबवाल तेव्हा आधी काही दिवस फेकणं वाढेल, हे धरून चाला. नेमक्या त्या दिवसांत हार मानली तर त्याला कळतं की जास्त जोरात फेकावं लागतं. पण इजा होण्यासारखं वर्तन असेल, डोकं आपटणं किंवा चावणं, तर हे एकट्याने करू नका. तिथे वर्तनतज्ज्ञ सोबत हवाच. आणि कामही तपासा. मणी ओवणं त्याला कशासाठी शिकवतो आहोत याचं उत्तर आपल्यापाशी नसेल, तर त्याच्या ‘नको’चं ऐकलं पाहिजे.

चित्र-वेळापत्रक मात्र चालू ठेवा. एकच बघा: ते तो वापरतो की भिंतीवर आहे? प्रत्येक बदलाला तो स्वतः जाऊन त्यावरचं चित्र काढून घेतो का, की तुम्ही बोट दाखवून वाचून दाखवता? दुसरं असेल तर ते तुमचं वेळापत्रक आहे.

चार महिन्यांचं काम आहे, पण तुमच्या प्रश्नात एकही आकडा नाही. हा दोष देत नाही. आकडे ठेवायला वेळ कुठून काढायचा हे मला माहीत आहे. म्हणून एकच गोष्ट मोजा. पेक्सचे रोजचे १० प्रयत्न, प्रत्येकासमोर एक अक्षर: ‘स्व’ म्हणजे स्वतःहून, ‘स्प’ म्हणजे नुसत्या स्पर्शाने, ‘हा’ म्हणजे हात धरून. मनगटाला चिकटपट्टी लावून तिच्यावर लिहिलं तरी चालतं. नवं काही सुरू करण्याआधी तीन दिवस आहे तसंच मोजा, नाहीतर पुढे तुलना कशाशी करणार? दुसरा कागद तुमच्यासाठी. वस्तू दाखवून गप्प राहिले का, हात पुढे येईपर्यंत थांबले का, मदत पाठीमागून आली का, वस्तू लगेच दिली का, अशा आठ-दहा ओळी. आठवड्यातून एकदा मोबाइलवर चित्रण करून त्या ओळी स्वतः तपासा. माझा नियम असा आहे, की दहातल्या आठ पायऱ्या तरी नीट होत असतील, आणि तरीही पाच-सहा शाळेच्या दिवसांत ‘हा’ कमी होत नसतील, तरच पद्धतीत बदल करायचा. तोही एक बदल, एका वेळी. दोन एकदम बदलले की कशाने फरक पडला ते कळत नाही.

पालकांना या आठवड्यातच बोलवा. चित्रं दिली तर बोलणं येणार नाही, ही भीती त्यांच्या मनात असेल, आणि ती असली की घरी चित्रांची वही कपाटात राहते. मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी २००६ मध्ये घेतलेल्या आढाव्यात काटेकोर अभ्यासांतली २७ मुलं-माणसं पाहिली होती. चित्रं, खुणा अशा साधनांमुळे त्यांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नाही. बहुतेकांचं वाढलं, पण बऱ्याचदा थोडंच. दोन्ही गोष्टी सांगा. बोलणं येईलच असं आश्वासन देऊ नका. मग घरातला एकच प्रसंग ठरवा, जिथे तो रोज काहीतरी मागतो, आणि तिथे दोनच चित्रं ठेवा. स्टोक्स आणि बेअर यांनी १९७७ मध्ये लिहिलं होतं, की वर्गात शिकवून बाहेर आपोआप उतरेल अशी आशा करणं हीच सगळ्यात जास्त चालणारी रीत आहे. अजूनही तशीच चालते. दुसरा माणूस, दुसरी खोली, दुसरी वस्तू हे शेवटी करायचं काम नाही. तुमच्याकडे दहातले सहा-सात ‘स्व’ यायला लागले की लगेच करा.

थोडक्यात क्रम असा: डॉक्टरांची तपासणी आणि तीन दिवसांची आधीची मोजणी, त्याच आठवड्यात तीन रकान्यांची नोंद, मग मागच्या व्यक्तीसह पेक्सचा पहिला टप्पा नव्याने, फेकण्यामागचं कारण पक्कं झालं की थांबण्याचं कार्ड. टोकन बोर्ड कपाटात असू द्या. तो परत कधी काढायचा, तर कार्ड देऊन थांबणं त्याला पक्कं जमतं, आणि थांबून झाल्यावर तो स्वतः पुन्हा ट्रेकडे वळतो तेव्हा. त्या वेळी पाच टोकनांनी सुरुवात करू नका. एकच टोकन, आणि ते लावल्याबरोबर वस्तू.